फोटोशॉपमध्ये एकाच वेळी दहा-पंधरा फाइल उघडून काम करताना : टॅब, विंडो आणि लेअर सांभाळायचा नीट क्रम

लग्नसराईत अल्बमचं काम करणारे, फ्लेक्सवाले, पत्रिका-बॅनर करणारे, सगळ्यांचं फोटोशॉप एकसारखंच भरलेलं असतं. एक शीट (अल्बमचं मोठं पान, ज्यावर फोटो मांडतात) उघडलेली, बारा फोटो उघडलेले, कालचा एखादा बॅनर बंदच केलेला नाही, आणि मग प्रश्न येतात तेही ठरलेले. लेअर (फाइलमधला एकावर एक ठेवलेला थर) ओढला पण गेलाच नाही, फोटोच्या ओरिजिनलवर सेव्ह झालं, सगळ्या फाइल अचानक गायब झाल्या, अन्डू होत नाहीये. यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीचं मूळ एकच आहे. फोटोशॉपच्या चौकटीत कितीही फाइल उघड्या असू देत, त्यातली ॲक्टिव्ह, म्हणजे सध्या काम चालू असलेली, एकच असते आणि सेव्ह, क्लोज, अन्डू, क्रॉप, ॲक्शन (रेकॉर्ड करून ठेवलेल्या स्टेप्स) हे सगळं फक्त तिच्यावर चालतं. लेअर पॅनल, हिस्टरी पॅनल पण तिचीच दाखवतात. ती कोणती आहे हे न बघता शॉर्टकट दाबला की घोळ होतो.

खाली विंडोजचे शॉर्टकट दिलेत. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड आणि ऑल्टच्या जागी ऑप्शन घ्या, फक्त टॅब बदलायला मॅकवरही कंट्रोल + टॅबच चालतं. मॅकवर मागचा डेस्कटॉप दिसत असेल आणि पॅनल हवेत तरंगत असतील तर विंडो मेनूमधलं ॲप्लिकेशन फ्रेम टिक करा, मग सगळं एका चौकटीत येईल.

## १. फाइल उघडायच्या आधीची तयारी

हा भाग लोक सोडून देतात आणि नंतर दोन तास त्याची किंमत मोजतात.

पहिलं काम फोल्डरचं. ओरिजिनल फोटोंचा फोल्डर वेगळा, त्याची कॉपी करून कामाचा फोल्डर वेगळा, आणि शीटच्या पीएसडी (लेअर जपून ठेवणाऱ्या फोटोशॉपच्या) फाइलींचा तिसरा. फोटोशॉपमध्ये कायम कामाच्या फोल्डरमधलाच फोटो उघडायचा. ओरिजिनल फोल्डरमधले सगळे फोटो सिलेक्ट करून, राइट क्लिक, प्रॉपर्टीज, रीड-ओन्ली टिक करून ठेवा. चुकून तिथला फोटो उघडून कंट्रोल + एस मारलंत तरी फोटोशॉप फाइल लॉक आहे म्हणून अडवेल.

दुसरं, नावं. दोन फोटोग्राफर असतील, किंवा एकाच कॅमेऱ्याची दोन कार्डं असतील तर एकाच नावाचे दोन फोटो हमखास येतात, कारण कॅमेऱ्याचा नंबर ९९९९ ला संपून परत ०००१ पासून सुरू होतो, आणि दोन कॅमेऱ्यांचं तर विचारायलाच नको. हळदीचा एक आणि रिसेप्शनचा एक असे एकाच नावाचे दोन टॅब शेजारी-शेजारी उघडे असले की कोणता कुठला ते कळणार नाही. म्हणून आधीच नावापुढे हळद, लग्न, रिसेप्शन असं काहीतरी लावून घ्या. ब्रिज (ॲडोबीचं फोटो बघायचं-सांभाळायचं सॉफ्टवेअर) असेल तर त्यात बॅच रीनेम आहे, दोन मिनिटांचं काम आहे.

तिसरं, प्रेफरन्सेस. कंट्रोल + के दाबा आणि एवढ्या तीन गोष्टी बघा:

- वर्कस्पेसमध्ये 'ओपन डॉक्युमेंट्स ॲज टॅब्ज' टिक असू द्या. नाहीतर प्रत्येक फाइल वेगळी तरंगती विंडो होऊन उघडते आणि एकमेकींच्या मागे लपतात.
- त्याच्याच खाली 'एनेबल फ्लोटिंग डॉक्युमेंट विंडो डॉकिंग' आहे. विंडो हलवताना ती आपोआप वर चिकटून टॅब होत असेल आणि त्याचा त्रास होत असेल तर हे काढा, नाहीतर राहू द्या.
- फाइल हँडलिंगमध्ये रिकव्हरीची माहिती किती मिनिटांनी सेव्ह करायची ते असतं, तिथे १० मिनिटं असतात, ती ५ करा. लाइट जाणाऱ्या गावात हे केलंच पाहिजे.

चेक: ओरिजिनल रीड-ओन्ली झालेत का, एका नावाचे दोन फोटो राहिले नाहीत ना, टॅबचं सेटिंग चालू आहे ना. तीनही हो असेल तरच पुढे.

## २. किती फाइल उघडायच्या

सगळा इव्हेंट सिलेक्ट करून एंटर मारायचा नाही. डिस्कवर ८-१० एमबी दिसणारा जेपीजी उघडल्यावर तेवढा राहत नाही. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० × ४००० पिक्सेल, तो ८ बिट आरजीबीमध्ये उघडला की साधारण ६९ एमबी होतो. असे वीस उघडले की १.४ जीबीच्या आसपास गेलं, आणि यात हिस्टरी, लेअर काहीच धरलेलं नाही. १२ × ३६ इंचाची शीट ३०० रिझोल्यूशनला १०८०० × ३६०० पिक्सेल होते, ती रिकामी असतानाच १११ एमबी. ८ जीबी रॅमच्या मशिनवर मागे ब्राउजर पण चालू असतो, त्यामुळे हँग होणं आलंच.

माझं मत स्पष्ट आहे, एका वेळी एक शीट आणि त्या शीटला लागणारेच फोटो. पाच-सहा, फार तर आठ. शीट झाली की फोटो बंद, मग पुढची.

विंडोच्या खाली डाव्या कोपऱ्यात झूमच्या शेजारी एक माहितीची पट्टी असते, तिच्या बाणावर क्लिक करून एफिशियन्सी निवडा. १०० टक्के असेल तर ठीक. त्याच्या खाली यायला लागलं की फोटोशॉप रॅम सोडून डिस्कवर काम करतंय, म्हणजे आता काही फाइल बंद करायची वेळ झाली.

आणि एक, फोटोवर वेगळं काही करायचंच नसेल, नुसता शीटमध्ये बसवायचा असेल तर त्याला वेगळी विंडो उघडूच नका. शीट ॲक्टिव्ह ठेवून फाइल मेनूतून प्लेस एम्बेडेड करा, फोटो थेट स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ फोटो आत जपून ठेवणारा लेअर) म्हणून शीटमध्ये येतो. निम्मी गर्दी इथेच कमी होते.

## ३. फाइल उघडायची पद्धत

शीट सगळ्यात आधी उघडा, फोटो नंतर. टॅब डावीकडून उजवीकडे लागत जातात, त्यामुळे शीट कायम डाव्या टोकाला सापडते. उलटं झालं असेल तर टॅब धरून सरकवता येतो.

फोटो फाइल, ओपनमधून कंट्रोल धरून एकेक सिलेक्ट करून उघडा. एक्सप्लोररमधून ओढून टाकायची सवय असेल तर हे नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त चूक इथे होते. आधीच एखादी फाइल उघडी असताना तिच्या कॅनव्हासवर फोटो टाकला तर तो नवीन टॅबमध्ये उघडत नाही, तो त्या उघड्या फाइलमध्येच लेअर म्हणून प्लेस होतो आणि वर तो फुलीचा चौकोन येतो. लोक एंटर मारतात, पुढचा टाकतात, पुन्हा एंटर, आणि शेवटी एका फोटोत आठ फोटो. नवीन टॅबमध्ये हवा असेल तर कॅनव्हासवर न टाकता वरच्या टॅबच्या पट्टीवर किंवा त्याच्याही वरच्या ऑप्शन्स बारवर सोडा.

सावधान: फुलीचा चौकोन चालू असताना, किंवा फ्री ट्रान्सफॉर्म, क्रॉप, टेक्स्ट एडिट अर्धवट असताना बरेचसे मेनू ग्रे पडतात. फोटोशॉप बिघडलं असं वाटून काही जण टास्क मॅनेजरमधून बंद करतात आणि काम घालवतात. आधी एंटर किंवा एस्केप दाबून बघा.

## ४. टॅबचं टायटल वाचायला शिका

टॅबवर साधारण असं लिहिलेलं असतं :

शीट-०४.पीएसडी @ २५% (नवरी, आरजीबी/८) *

फाइलचं नाव, मग झूम, मग कंसात सिलेक्ट असलेला लेअर आणि कलर मोड. सगळ्यात शेवटी कंसाच्या बाहेर चांदणी असेल तर त्या फाइलमध्ये सेव्ह न केलेले बदल आहेत. कंसाच्या आत ८ ला चिकटून चांदणी असेल तर तिचा सेव्हशी संबंध नाही, तिचा अर्थ फाइलचा कलर प्रोफाइल (रंग कसे दाखवायचे याची माहिती) तुमच्या वर्किंग स्पेसपेक्षा, म्हणजे फोटोशॉपमध्ये ठरवलेल्या प्रोफाइलपेक्षा, वेगळा आहे. तिथे हॅशचं चिन्ह असेल तर फाइलला प्रोफाइलच नाही. या दोन चांदण्यांमध्ये खूप जण गोंधळतात आणि सेव्ह करूनही चांदणी जात नाही म्हणून परत परत सेव्ह करत बसतात.

ॲक्टिव्ह टॅब बाकीच्यांपेक्षा थोडा उजळ दिसतो, पण डार्क थीममध्ये आणि जुन्या मॉनिटरवर तो फरक दिसतोच असं नाही. खात्रीचा उपाय म्हणजे विंडो मेनू उघडून तळाशी बघा, उघड्या सगळ्या फाइलींची यादी असते आणि ॲक्टिव्ह फाइलच्या शेजारी टिक असते. टॅब पट्टीत मावत नसतील तर उजव्या टोकाला दुहेरी बाण येतो, त्यात उरलेल्या फाइल असतात. फाइल गायब झाली म्हणणाऱ्यांची फाइल बऱ्याचदा तिथेच सापडते.

एका टॅबवरून दुसऱ्यावर जायला कंट्रोल + टॅब, मागे यायला कंट्रोल + शिफ्ट + टॅब. दोन-तीन फाइली शेजारी मांडलेल्या असतील तर फाइल बदलायला टायटलवर क्लिक करा, कॅनव्हासवर नाही. हातात ब्रश किंवा मूव्ह टूल असताना फोटोवर क्लिक करायची सवय एक ना एक दिवस नडते.

## ५. विंडो मांडणं

विंडो मेनू, अरेंज. यात पर्याय भरपूर आहेत पण रोज लागणारे तीन-चारच.

दोन फाइली एकदम बघायला टू-अप. इथे विचार करून निवडा. उभा पोर्ट्रेट फोटो असेल तर टू-अप व्हर्टिकल, म्हणजे शेजारी-शेजारी. पण १२ × ३६ ची शीट आडवी लांब असते, तिला अर्ध्या रुंदीत टाकली तर पट्टीसारखी दिसते आणि काही कळत नाही, तिच्यासाठी टू-अप हॉरिझॉन्टल, वर फोटो खाली शीट. बाकीच्या फाइली मागे टॅबमध्ये राहतात, काळजी नको.

सगळे फोटो एकदम बघून कोणता घ्यायचा ठरवायचं असेल तर फोर-अप किंवा सिक्स-अप. त्यापुढे प्रत्येक फोटो इतका बारीक होतो की उपयोग नाही.

परत सगळं एका पट्टीत आणायला 'कन्सॉलिडेट ऑल टू टॅब्ज'. बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी हे एक राहू द्या, मांडणी कितीही बिघडली तरी याने एका क्लिकमध्ये जागेवर येते. फ्लोट ऑल इन विंडोज मी फक्त दोन मॉनिटर असतील तेव्हाच वापरायला सांगेन. कॅस्केड आणि टाइल हे पर्याय विंडो तरंगत्या असतील तरच चालू होतात, टॅबमध्ये असताना ते ग्रे दिसणारच.

मांडून झाल्यावर लगेच झूम जुळवा. शीट १७ टक्क्यांवर आणि फोटो ५० टक्क्यांवर असेल तर डोळ्याला फोटो शीटएवढा किंवा त्याहूनही मोठा दिसतो, ओढल्यावर मात्र त्याचा आकार वेगळाच निघतो. ज्या विंडोचा झूम ठेवायचा तिच्या टायटलवर क्लिक करा, मग अरेंजमधून मॅच झूम. ॲक्टिव्ह विंडोप्रमाणे बाकीच्या होतात, उलटं नाही. एकाच पोजचे चार फोटो तपासताना मॅच ऑल घ्या, मग स्पेसबार आणि शिफ्ट दोन्ही धरून एक फोटो सरकवा, बाकीचे पण सोबत सरकतात. ग्रुप फोटोत कुणाचे डोळे मिटलेत ते बघायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

वर्कस्पेसबद्दल: वर्कस्पेस सेव्ह केलं की पॅनलच्या जागा लक्षात राहतात, डॉक्युमेंटच्या विंडो कशा मांडल्या होत्या ते राहत नाही. ते दर वेळी मांडावंच लागतं.

## ६. एका फाइलमधून दुसरीत लेअर नेणं

याच्या तीन पद्धती आहेत, आणि तिन्ही यायला हव्यात.

पहिली, ओढून. मूव्ह टूल घ्या, शॉर्टकट व्ही. फोटोच्या विंडोत लेअर सिलेक्ट करा. वर ऑप्शन्स बारमध्ये ऑटो-सिलेक्ट टिक असेल तर काढा, नाहीतर कर्सरखाली जो लेअर असेल तोच उचलला जातो आणि लेअर पॅनलमध्ये तुम्ही निवडलेला तिथेच राहतो. आता फोटोवर क्लिक करून धरून ठेवा, शीटच्या टॅबवर न्या आणि थांबा. शीट उघडेपर्यंत बटण सोडायचं नाही. शीट समोर आली की कर्सर खाली कॅनव्हासवर आणा, मग सोडा. बहुतेक जण टॅबवरच सोडून देतात आणि काहीच होत नाही. सोडल्यावर लेअर लॉक असल्याचा मेसेज आला तर समजा की तुम्ही अजून फोटोच्याच विंडोत होतात, शीटपर्यंत पोचलाच नाहीत.

सोडताना शिफ्ट धरलेलं असेल तर फोटो शीटच्या बरोबर मध्ये बसतो, आणि दोन्ही फाइलींचा पिक्सेल साइज अगदी सारखा असेल तर जिथून उचलला त्याच जागी बसतो. क्रम असा, आधी माउसचं बटण सोडायचं, मग शिफ्ट. शिफ्ट आधी सुटलं की जागा चुकते.

दुसरी, डुप्लिकेट लेअर. लेअरवर राइट क्लिक, डुप्लिकेट लेअर, येणाऱ्या चौकटीत डेस्टिनेशन डॉक्युमेंटमध्ये शीटचं नाव निवडा, ओके. यात विंडो मांडायची गरज नाही, ओढायची गरज नाही, हात सुटायची भीती नाही. नवीन माणसाला मी हीच पद्धत आधी शिकवतो. एकच कर्व्हज लेअर (उजेड-रंग जुळवणारा) पाच फाइलींवर टाकायचा असेल तर याहून सोपं काही नाही, मास्क (लेअरचा कुठला भाग दिसायचा ते ठरवणारा) आणि ब्लेंडिंगसकट जातो. अट एवढीच की ज्या फाइलमध्ये पाठवायचाय ती उघडी पाहिजे.

तिसरी, कॉपी-पेस्ट. कंट्रोल + ए, कंट्रोल + सी ने फक्त सिलेक्ट असलेला एक लेअर कॉपी होतो, जे दिसतंय ते सगळं नाही. सगळं दिसतं तसं हवं असेल तर कंट्रोल + शिफ्ट + सी. पेस्ट करायच्या आधी टॅब बदललाय ना ते बघा.

आता साइजचं. लेअर नेताना पिक्सेल मोजले जातात, इंच नाही. ६००० × ४००० चा फोटो १०८०० × ३६०० च्या शीटमध्ये नेला तर रुंदीत ३६ पैकी २० इंच व्यापेल आणि उंचीत ४०० पिक्सेल बाहेर लटकेल. फोटो मोठा आला म्हणून घाबरू नका, बाहेरचा भाग कापला गेलेला नाही, तिथेच आहे. आधी लेअरवर राइट क्लिक करून कन्व्हर्ट टू स्मार्ट ऑब्जेक्ट करा, मग कंट्रोल + टी (फ्री ट्रान्सफॉर्म, आकार बदलायला). कोपरे विंडोच्या बाहेर गेले असतील तर तिथेच कंट्रोल + ० दाबा, कोपरे दिसतील एवढं झूम आऊट होतं. स्मार्ट ऑब्जेक्ट न करता बारीक करून नंतर परत मोठा केला की फोटो फुटतो, आणि प्रिंट आल्यावर ते कळतं.

फ्लेक्सवाल्यांसाठी एक ओळ: आरजीबी (स्क्रीनच्या रंगांतला) फोटो सीएमवायके (छपाईच्या चार रंगांच्या) फाइलमध्ये ओढला की तो तिथेच सीएमवायकेमध्ये बदलतो, रंग थोडा फिका पडणारच.

चेक: शीटचा टॅब ॲक्टिव्ह आहे, लेअर पॅनलमध्ये नवीन लेअर दिसतोय, योग्य ग्रुपमध्ये आहे. मग लगेच लेअरला नाव द्या. 'लेअर १७' कुणालाच आठवत नाही.

## ७. एकच फाइल दोन विंडोत

चेहऱ्यावर रिटच करताना २०० टक्क्यांवर काम करायचं असतं आणि पूर्ण फोटो पण बघायचा असतो. अरेंजच्या तळाला 'न्यू विंडो फॉर' आणि पुढे फाइलचं नाव असतं, ते घ्या, टू-अप करा, एकीकडे २०० टक्के, दुसरीकडे कंट्रोल + ०. एकीकडे केलेलं दुसरीकडे लगेच दिसतं.

सावधान: ही कॉपी नाही. एकाच फाइलच्या दोन खिडक्या आहेत. "दुसरीत ट्राय करून बघतो, पहिली तर आहेच" म्हणून खोडाखोड केलीत तर दोन्हीकडे खोडलं जातं. वेगळी कॉपी हवी असेल तर इमेज मेनूतलं डुप्लिकेट.

## ८. गोंधळ झाला तर

सगळे टॅब आणि मेनू गायब : एफ दाबला गेलाय, फुल स्क्रीन झालंय. एस्केप दाबा, किंवा एफ परत परत दाबा. फाइली सगळ्या तशाच आहेत.

फक्त पॅनल गायब : टॅब की दाबली गेलीय. परत दाबा.

अन्डू होत नाहीये, किंवा भलतंच अन्डू होतंय : तुम्ही दुसऱ्याच फाइलमध्ये आहात. प्रत्येक फाइलची हिस्टरी वेगळी असते, मुळात ५० स्टेप्सची, आणि फाइल बंद केली की ती हिस्टरी गेली. परत उघडून मिळत नाही.

मशिन स्लो झालं म्हणून एडिट मेनूतून पर्ज (मेमरी मोकळी करायचा पर्याय) करणार असाल तर थांबा. पर्ज हिस्टरीज सगळ्या उघड्या फाइलींची हिस्टरी पुसतं, समोर असलेल्या एकीची नाही, आणि ते अन्डू होत नाही. त्याआधी नको असलेल्या फाइली बंद करून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

## ९. बंद करायचा क्रम

आधी शीट सेव्ह. कंट्रोल + टॅबने शीटवर या, टायटल वाचा, कंट्रोल + एस, कंसाबाहेरची चांदणी गेली ते बघा.

मग फोटो एकेक करून कंट्रोल + डब्ल्यूने बंद करा. फोटोवर काही बदल केले असतील तर सेव्ह करायचं का विचारेल. तो बदल शीटमध्ये नेलेला असेल तर नो. फोटोही तसाच ठेवायचा असेल तर कॅन्सल करून सेव्ह ॲजने पीएसडी करा, जेपीजीवर चढवू नका. नवीन व्हर्जनमध्ये फाइल मेनूत क्लोज अदर्स आहे, शीट ॲक्टिव्ह ठेवून ते दिलं की बाकीच्या बंद होतात.

कंट्रोल + ऑल्ट + डब्ल्यूने सगळंच बंद होतं. तिथे जी चौकट येते तिच्यात 'अप्लाय टू ऑल' असतं, ते टिक करून नो दाबलं की ज्या ज्या फाइली सेव्ह नव्हत्या त्यांचं काम गेलं, त्यात सकाळपासूनची शीट असली तरी. आणि टिक करून येस दाबलं तर प्रयोग म्हणून कापलेले सगळे फोटो त्यांच्या जेपीजीवर चढले. म्हणून ती टिक करायचीच नाही, प्रत्येक फाइलचं नाव वाचून उत्तर द्यायचं.

शेवटी शीटच्या फोल्डरमध्ये जाऊन पीएसडीची तारीख-वेळ आत्ताची आहे का बघा, आणि मगच पुढच्या शीटचे फोटो उघडा.